चांदीच्या वाटीवरील हातोडीच्या खुणा

एखाद्या वस्तूची योग्यता तिच्या मोलावरून ठरवावी, रूपावरून ठरवावी, की ती घडविताना घडविणाऱ्या माणसाचे काय झाले यावरून ठरवावी, हा प्रश्न वरवर पाहता तत्त्वज्ञांच्या वादाचा वाटतो. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडात आणि पाठोपाठ ऑस्ट्रियात काही माणसांनी तो प्रश्न थेट जेवणाच्या मेजावर आणून ठेविला. आणि तोही चांदीच्या वाट्या, सुरया, चमचे व फळांच्या परड्या यांच्या रूपाने. या भांड्यांविषयी आज जे लिहिले व बोलले जाते ते वाचून आम्हास मोठे नवल वाटते. कारण ज्या प्रश्नासाठी ही भांडी जन्मास आली, तो प्रश्न सोडून बाकी सर्व गोष्टींची चर्चा त्यांत असते!

लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात चार्ल्स रॉबर्ट ॲशबी (१८६३–१९४२) याच्या कल्पनेतून उतरलेली काही भांडी आहेत. त्याची मुरंबा किंवा लोणी वाढण्याची वाटी रसिकांच्या विशेष परिचयाची. उथळ, गोल वाटी. तिच्या कडेपासून निघून हवेत लांब वळसा घेऊन परत वाटीलाच मिळणारे तारेचे कान. क्वचित एखादा न पैलू पाडलेला, गुळगुळीत रंगीत खडा. आणि सर्व अंगावर हातोडीच्या बारीक खुणा. या वाटीविषयी हल्ली दोन मते प्रचारात आहेत. पहिले असे की, ही वाटी म्हणजे नव्या युगाच्या साध्या, अलंकाररहित रूपाकडे जाणाऱ्या जिन्याची एक पायरी. पुढची पायरी आली की हिचे काम संपले. दुसरे असे की, यंत्रयुगात हातोडी घेऊन बसणाऱ्या भाबड्या माणसांचा हा एक गोड हट्ट होता. बाजाराने त्यास योग्य ते उत्तर दिले व १९०७–०८ साली त्यांचा संघ मोडला, यात आश्चर्य ते काय? ही दोन्ही मते अर्धसत्य आहेत, आणि अर्धसत्य हे पुऱ्या असत्याहून अधिक घातक असते, असे आमचे म्हणणे आहे.

ही भांडी कोणत्या परिस्थितीत निर्माण झाली ते प्रथम पाहू. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी हलक्या धातूवर विजेच्या साहाय्याने चांदीचा मुलामा चढविण्याच्या कृतीचे हक्क घेतले. ठशांत दाबून भांडी काढण्याची विद्या तेथे आधीपासून होतीच. या दोहोंचा संयोग होताच मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या मेजावर चांदीसारखी दिसणारी भांडी आली. यात वावगे काहीच नव्हते. वावगे होते ते पुढेच. ठशाला वेलबुट्टी काढण्याचे श्रम पडत नाहीत, म्हणून कारखानदारांनी वेलबुट्टीचा नुसता पाऊस पाडला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात या पावसाचा महापूर लोकांनी पाहिला. पूर्वी नक्षी म्हणजे कारागिराच्या हाताचा आनंद. आता ती नक्षी अशा मजुराच्या हातून निघू लागली, की ज्याने आयुष्यभर एकच दांडा खाली ओढावा आणि वर सोडावा. या विपरीत स्थितीवर रस्किनने १८५३ साली गॉथिक शिल्पाविषयी लिहिताना बोट ठेविले आणि विल्यम मॉरिसने आपले सारे आयुष्य त्या विचाराच्या मागे खर्चिले. त्यांचा प्रश्न भांडे सुंदर आहे की कुरूप एवढाच नव्हता. भांडे करणारा माणूस राहिला आहे की नाही, हा होता.

ॲशबी हा त्यांचा शिष्य. केंब्रिजचा पदवीधर, धंद्याने वास्तुशिल्पी. पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपल या दरिद्री वस्तीतील टॉयन्बी हॉलमध्ये तो राहावयास गेला आणि तेथील कामकऱ्यांना जमवून रस्किनचे ग्रंथ वाचून दाखवू लागला. नुसते वाचून भागेना, तेव्हा त्याने १८८७ साली एक शाळा आणि १८८८ साली हस्तकौशल्य-संघ स्थापिला. येथे वाचकांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. हा संघ पिढीजात सोनारांचा नव्हता. हातगाडी ढकलणारा, पुस्तकाच्या दुकानात काम करणारा, अशी मंडळी त्यात आली आणि धातूचे काम चुकत चुकत शिकली. ॲशबीही त्यांच्याबरोबरच शिकला. इटलीतील सुप्रसिद्ध सोनार बेनव्हेनुतो चेल्लिनी याने सुवर्णकारीवर व मूर्तिकलेवर लिहिलेले प्रबंध त्याने इंग्रजीत आणिले, ते १८९८ साली प्रसिद्ध झाले आणि आपल्या संघाच्या धातुकारांनाच त्याने ते अर्पण केले. विद्वानांचा ग्रंथ विद्वानांस अर्पण होतो हे आपण नेहमी पाहतो. तो ठोकाठोक करणाऱ्यांस अर्पण व्हावा, यात त्या काळच्या इंग्लंडात केवढा अर्थ होता हे सांगावयास नको.

आता त्या हातोडीच्या खुणांविषयी. चांदीच्या सपाट पत्र्याची वाटी होते ती अशी: पत्रा लोखंडी ऐरणीवर धरून कडेकडेने ठोकीत जावयाचा, ठोकता ठोकता चांदी कठीण होते व तडकू पाहते, म्हणून ती वारंवार तापवून मऊ करावयाची, पुन्हा ठोकावयाची, आकार आला म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने साऱ्या अंगावरून हलके, सारखे घाव देत जावयाचे. आमचे तांबट तांब्यावर जे मठारकाम करितात, त्याच जातीचे हे काम. मग त्या काळचे व्यापारी कारखाने काय करीत? तर भांडे झिलईच्या चाकावर धरून त्या सर्व खुणा घासून टाकीत आणि आरशासारखी चकाकी आणीत. ॲशबीच्या संघाने ती चकाकी नाकारिली. खुणा तशाच ठेविल्या. त्यामुळे प्रकाश भांड्यावरून घसरून न जाता त्यावर मंदपणे थबकतो. परंतु सौंदर्याचा हा लाभ दुय्यम होय. मुख्य हेतू असा की, ज्याने घाव घातले त्याची साक्ष पुसली जाऊ नये. ती खूण म्हणजे अलंकार नव्हे, ती सही आहे.

आणि येथेच आमचा पहिल्या मताशी विरोध येतो. ही वाटी म्हणजे पुढल्या साधेपणाची पायरी, असे म्हणणारे लोक रूपाचा इतिहास सांगतात व श्रमाचा गाळतात. रूपाच्या साधेपणाचे श्रेय द्यावयाचे तर ते ॲशबीच्याही आधी क्रिस्टोफर ड्रेसर (१८३४–१९०४) याला द्यावे लागेल. सरळ रेषांच्या, उघड्या खिळ्यांच्या, नक्षीचे नाव नसलेल्या त्याच्या किटल्या व टोस्टच्या घोड्या १८८० च्या सुमारास शेफील्ड व बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून निघत होत्या, आणि त्या आजही नव्या दिसतात. किटलीची तोटी व मूठ कोठे असावी म्हणजे ओतताना मनगटास ताण पडणार नाही, याचा विचार त्याने १८७३ च्या आपल्या ग्रंथात केलेला आहे. ड्रेसरविषयी आम्हास आदर आहे. तो यंत्रासाठी योजना करी आणि यंत्राचेच काम म्हणून ते विके. त्यात लपंडाव नव्हता. परंतु त्याचा प्रश्न वापरणाऱ्याच्या मनगटाचा होता, ॲशबीचा प्रश्न घडविणाऱ्याच्या मनगटाचा होता. हे दोन प्रश्न एकाच जिन्याच्या दोन पायऱ्या कशा होतील?

आता दुसऱ्या मताकडे वळू. १९०२ साली ॲशबीने संघाचे बिऱ्हाड लंडनमधून हलविले आणि ग्लॉस्टरशायरमधील चिपिंग कॅम्पडेन या खेड्यात नेले. बायकामुलांसह सुमारे दीडशे माणसे तेथे गेली. रेशमाच्या एका जुन्या गिरणीत कार्यशाळा थाटल्या. कामकऱ्यांना घरे मिळाली, बागा मिळाल्या. गाणी झाली, नाटके झाली, पोहण्याचे तळे झाले, गावकऱ्यांसाठी शिक्षणाचे वर्ग निघाले. पाच-सहा वर्षांतच संघ दिवाळ्यात निघाला. झाले! जो तो म्हणू लागला की, यंत्रापुढे हातोडी हरली.

हरली खरी, पण कोणापुढे? ॲशबीने १९०८ साली या अपयशाचा हिशेब स्वतःच एका पुस्तकात मांडला आहे. लंडनचे गिऱ्हाईक दूर पडले; मंदी आली व न खपलेल्या मालाचा ढीग साचला; लंडनमध्ये काम नसले तर कारागिराला चार महिने दुसरीकडे पोट भरता येई, खेड्यात ती सोय नव्हती. ही कारणे व्यवहारातील आहेत व ती आम्ही नाकारीत नाही. परंतु आणखी दोन कारणे आहेत. एक असे की, ज्यांना मजुरीवर पोट भरावयाचे नव्हते अशी सुखवस्तू हौशी मंडळी तसलेच काम करून पडत्या भावाने विकू लागली. दुसरे असे की, लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील लिबर्टी या प्रसिद्ध पेढीने १८९९ पासून ‘किम्रिक’ नावाने चांदीचा माल बाजारात आणिला. तो बर्मिंगहॅमला होई. पुष्कळशी भांडी ठशात दाबून काढीत आणि मग हातकामाचा भास व्हावा म्हणून त्यांवर हातोडीच्या खुणा उमटवीत!

वाचकहो, या एका गोष्टीत साऱ्या वादाचे मर्म आहे. यंत्राने यंत्राचे काम करावे, त्यास आमची हरकत नाही. खुद्द ॲशबीची तरी कोठे होती? १९११ साली त्याने स्पष्ट लिहिले की, आधुनिक संस्कृती यंत्रावर उभी आहे, आणि हे न मानणारी कलाशिक्षणाची कोणतीही व्यवस्था टिकावयाची नाही. तेव्हा त्याला यंत्रद्वेष्टा म्हणणारे त्याचे लेखन न वाचताच बोलतात. वाद होता तो खोट्या सहीचा. ज्या खुणेचा अर्थ ‘हे एका माणसाने केले’ असा होता, ती खूणच यंत्रयुगाच्या दुकानदाराने चोरली आणि खऱ्या मालाच्या शेजारी स्वस्तात मांडली. खोट्या नाण्याने खरे नाणे बाजारातून हाकलून लाविले, तर त्यावरून खरे नाणे हिणकस होते असे कोणी म्हणेल काय? हातोडी यंत्रापुढे हरली नाही. ती आपल्याच सोंगापुढे हरली.

लिबर्टीचा माल कुरूप होता असे मात्र कोणी समजू नये. त्यातील उत्तमोत्तम भांडी मॅन बेटातील आर्चिबाल्ड नॉक्स या थोर कलावंताच्या कल्पनेची होती. प्राचीन केल्टिक गाठींचे वळसे व निळसर-हिरवे मीनाकाम यांचा जो मेळ त्याने साधला, त्याला तोड नाही. पण त्याचे नाव? दुकानाच्या धोरणाप्रमाणे मालावर नाव दुकानाचेच असे. योजना करणारा अनाम, ठोकणारा अनाम, विकणारा तेवढा सनाम! या व्यवहाराला फसवणूक न म्हणता व्यापार म्हणतात, एवढाच काय तो भाषेचा विवेक.

याच्या उलट व्हिएन्ना येथे काय घडले पाहा. १९०० साली तेथील सेसेशन या कलावंतमंडळाच्या आठव्या प्रदर्शनात ॲशबीच्या संघाची कामे मांडली गेली. तीन वर्षांनी, १९०३ साली, योझेफ होफमान आणि कोलोमान मोझर या दोघा कलावंतांनी फ्रिट्झ वेर्नडोर्फर या धनिकाच्या पैशावर ‘वीनर वेर्कस्टेटे’, म्हणजे व्हिएन्नाची कार्यशाळा, उघडली. ॲशबीचा संघ हा त्यांचा आदर्श होता. त्यांची भांडी दिसावयास अगदी निराळी: चौकोनांच्या जाळीच्या परड्या, सपाट लांबट दांड्यांचे चमचे, कोपरे धरून उभी असलेली फुलपात्रे. तेथे वळसे गेले व भूमिती आली. परंतु त्या भांड्यांच्या तळाशी पाहावे. कार्यशाळेच्या मुद्रेबरोबर योजना करणाऱ्याची आद्याक्षरे आहेत आणि शेजारीच घडविणाऱ्या कारागिराचीही आहेत. जगप्रसिद्ध प्राध्यापक होफमान आणि एरवी ज्याचे नाव कोणास ठाऊक झाले नसते असा चांदीकार, एकाच तळावर, एकाच आकाराच्या मुद्रेने! रूप बदलले, देश बदलला, पण सहीचा हक्क तोच राहिला. ही परंपरा वळशांची किंवा चौकोनांची नव्हे; ती या सहीची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून नुसती चित्रे शेजारी शेजारी छापणारे ग्रंथ कितीही गुळगुळीत कागदावर निघाले तरी आंधळेच म्हटले पाहिजेत.

येथे आमचा आक्षेपक हसून म्हणेल, “हे सर्व ठीक. पण ही भांडी घेतली कोणी? श्रीमंतांनीच ना? कामकऱ्याच्या सन्मानाचे हे स्तोत्र बँकरांच्या मेजावर गायिले गेले.” हा आक्षेप खरा आहे, आणि आम्ही तो टाळीत नाही. ब्रुसेल्समध्ये स्टोक्ले या धनिकाचा प्रासाद होफमानने १९०५ ते १९११ या काळात बांधिला, तो आतील चमच्यांपर्यंत कार्यशाळेने सजविला. असे आश्रयदाते किती मिळणार? वेर्नडोर्फरची दौलत या नादात संपली, १९१४ साली तो अमेरिकेस गेला, आणि १९३२ साली कार्यशाळाही बंद पडली. कारागिराला पुरेसे वेतन द्यावे तर वस्तू महाग होते, आणि महाग झाली की ती सामान्याच्या घरी जात नाही. या पेचातून ॲशबीला वाट सापडली नाही, होफमाननेही ती मनापासून शोधली असे दिसत नाही. त्यांचा हा दोष आम्ही पदरात घालतो.

परंतु आक्षेपकाने दुसरी बाजूही पाहावी. ‘हातकाम सोडा, यंत्रासाठी नमुने करा, म्हणजे सौंदर्य घरोघर जाईल’ असे म्हणणारी बाउहाउस ही जर्मन कलाशाळा पुढे आली. तिच्या धातुशाळेत मारियाने ब्रांट हिने १९२४ साली चहाचा अर्क करण्याची एक इवलीशी किटली केली: अर्धगोल अंग, आडव्या पट्ट्यांचा पाया, काळ्या आबनुसी लाकडाची मूठ. दिसावयास यंत्राची कन्या. पण तिचे मोजकेच नग झाले, तेही हातानेच, आणि कारखान्यात ती कधी गेलीच नाही. त्यांपैकी एक नग २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात साडेतीन लाख डॉलरांहून अधिक किमतीस गेला. सर्वांसाठी म्हणून योजिलेली किटली अखेर एकाच्याच कपाटात जाऊन बसली! ब्रांटबाईंनी आखलेले दिवे मात्र खरोखर कारखान्यात झाले व घरोघर गेले, हेही सांगितले पाहिजे. कारण दिवा पत्र्याचा असतो, त्याला चांदीची ऐट नको असते. तात्पर्य, महागाई हा केवळ हातकामाचा रोग नव्हे. जी वस्तू दुर्मिळतेसाठीच घेतली जाते, ती कोणत्याही तत्त्वाने घडवा, धनिकाच्याच घरी जाणार.

कोणी म्हणेल, या परक्या भांड्यांशी आपणास काय करावयाचे आहे? संबंध आहे, आणि तो दोन्ही बाजूंचा आहे. बेळगावात जन्मलेल्या व मुंबईत पुष्कळ वर्षे घालविलेल्या जॉर्ज बर्डवूडने हिंदी हस्तोद्योगांवर १८८० साली जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने हिंदुस्थानच्या खेड्यातील कारागिराचे जे चित्र रेखाटले, ते विलायतेतील या सुधारकांच्या पिढीसमोर होते. पुढे आनंद कुमारस्वामी कॅम्पडेनजवळच्या ब्रॉड कॅम्पडेन येथे राहावयास आले. त्यांचे घर ॲशबीनेच दुरुस्त करून दिले. ॲशबीच्याच छापखान्याच्या यंत्रावर त्यांनी सिंहली कलेवरील आपला ग्रंथ १९०८ साली छापिला, आणि हिंदी कारागिरावरील त्यांच्या १९०९ च्या पुस्तकास प्रस्तावनेचे शब्द ॲशबीनेच लिहिले. तेव्हा हा वाद आमच्याच अंगणातून जाऊन परत आलेला आहे.

पण म्हणून लगेच आपली पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. कुमारस्वामी हे थोर पंडित. तथापि त्यांनी हिंदी कारागिराच्या वंशपरंपरागत धंद्याचे जे गुणगान केले, त्यातील एक बाजू झाकली गेली. सोनाराचा मुलगा सोनार आणि तांबटाचा तांबट, या व्यवस्थेत हात तयार झाले हे खरे. पण दुसऱ्याच्या मुलाला ती हातोडी उचलण्याची मुभा नव्हती, आणि सोनाराच्या मुलाला ती खाली ठेवण्याची नव्हती. व्हाइटचॅपलच्या हातगाडीवाल्याला चांदीकार होता आले, ही ॲशबीच्या संघाची खरी कमाई होय. आमच्या प्राचीन कारागिरीचे गोडवे गाणाऱ्यांनी ही कमाई तिच्याशी ताडून पाहावी, आणि मग गोडवे गावेत.

आज परिस्थिती काय आहे? मठारल्यासारखी दिसणारी भांडी यंत्राच्या एका दाबात हजारोंनी निघतात आणि ‘हस्तकाम’ या शब्दाच्या छायेत विकली जातात. लग्नमुंजीत, बारशाला, दिवाळीला आपण चांदीची वाटी, फुलपात्र किंवा निरांजन घेतो. वजन पाहतो, कस पाहतो, घडणावळ जास्त लाविली म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालतो. घडणावळ! साऱ्या देवघेवीत कारागिराच्या वाट्याचा म्हणून जो एकच आकडा असतो, नेमका तोच आपणास खुपतो. ही वाटी कोणी घडविली, हा प्रश्न मात्र आपल्यापैकी किती जण विचारतात? यंत्राची वाटी यंत्राची म्हणून घ्यावी, त्यात कमीपणा नाही; ती खुशाल गुळगुळीत असावी. पण हातोडीच्या खुणा असतील तर त्यांमागे हात असला पाहिजे, आणि हात असेल तर त्याला नाव व पोटभर वेतन असले पाहिजे. एवढी मागणी ज्या घरांनी केली, त्या घरांत ॲशबीचा संघ अद्याप मोडलेला नाही असे आम्ही समजू.

आणि तसा तो चिपिंग कॅम्पडेनमध्येही पुरता मोडला नाही. संघ बुडाल्यावर बहुतेक मंडळी पांगली. परंतु जॉर्ज हार्ट नावाचा चांदीकार तेथेच राहिला. रेशमाच्या त्या जुन्या गिरणीत त्याच्या घराण्याचे चांदीकाम पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले. हरलेल्या हातोडीचा आवाज इतकी वर्षे ऐकू यावा, हे तिला हरली म्हणणाऱ्यांनी एकदा ध्यानात घ्यावे.